पुस्तक न पाहिलेला कवी

कवी जातो आणि त्याची कविता राहते, असे आपण सहज म्हणून जातो. ह्या म्हणण्यात कवितेची थोरवी आहे हे खरे. परंतु कविता आपोआप राहते अशी जी एक समजूत त्यातून होते, ती तपासून पाहण्यासारखी आहे. कागदाला कसर लागते, शाई पुसट होते, बिऱ्हाडे बदलताना गाठोडी हरवतात, आणि घरधनी गेल्यावर त्याच्या वह्या रद्दीत निघतात. आपल्या वेदसंहिता शतकानुशतके टिकल्या त्यासुद्धा आपोआप टिकल्या नाहीत. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ असे नाना बंध घालून त्या मुखोद्गत ठेवणारी घराणीच्या घराणी होती, म्हणून त्या राहिल्या. अर्वाचीन मराठी कवितेचे जनक म्हणून ज्यांचा गौरव होतो, त्या केशवसुतांचे चरित्र ह्या दृष्टीने पाहिले असता त्यातून आपणां संसारी माणसांनाही घेण्यासारखे काही निघते, असे वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे.

केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले. त्यांचा जन्म १८६६ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड ह्या गावचा. गणपतीपुळ्याच्या दर्शनाला जाणाऱ्यांस हे गाव ठाऊक असते, कारण ते पुळ्यापासून अगदी जवळ आहे. वडील केशवपंत हे शाळाशिक्षक. पुढे हे कुटुंब दापोलीकडे वळणे ह्या गावी राहू लागले, आणि कृष्णाजीचे बालपण तेथील डोंगर, झाडी व पावसाळी वारा ह्यांच्या सहवासात गेले. घर मोठे, तोंडे पुष्कळ आणि मिळकत बेताची. कोकणातल्या त्या काळच्या पांढरपेशा कुटुंबांचे जे वर्णन आपण आजोबा-पणजोबांच्या गोष्टींतून ऐकत आलो, तेच येथे समजावे. पुढे ह्या मुलाने कवितेखाली जे नाव घातले त्यात स्वतःचे नाव त्याने ठेवलेच नाही. 'केशवसुत', म्हणजे केशवाचा मुलगा, एवढीच त्याची ओळख. ज्याला पुढे लोकांनी बंडखोर म्हटले, त्याने आपल्या बंडाखाली सही केली ती बापाच्या नावाने, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्यांचे शिक्षण एका ठिकाणी झाले नाही. खेड, बडोदे, वर्धा, नागपूर आणि शेवटी पुणे असा तो प्रवास आहे. नागपूरच्या मुक्कामात त्यांची नारायण वामन टिळकांशी ओळख झाली. हेच टिळक पुढे ख्रिस्ती होऊन रेव्हरंड टिळक म्हणून प्रसिद्धीस आले. पुण्यास ते न्यू इंग्लिश स्कुलात आले. मॅट्रिकची परीक्षा उतरण्यास त्यांना १८८९ साल उजाडले. तेव्हा त्यांचे वय तेविसाच्या घरात होते, लग्न केव्हाच झालेले होते, आणि पदवीपर्यंत जाण्याइतकी सवड परिस्थितीने ठेवली नव्हती. वर्गात मागे राहिलेला मुलगा पाहिला की त्याच्याविषयी ताबडतोब भविष्य वर्तविण्याची आम्हां मास्तरांना सवय असते. अशा वेळी हे तेविसावे वर्ष आठवणे हितकर आहे.

त्यांच्या लेखणीचा आरंभ कोठे झाला हे सांगितले तर पुष्कळांस नवल वाटेल. १८८५ च्या सुमारास त्यांनी कालिदासाच्या रघुवंशातील एका भागाचे मराठी रूपांतर केले. उपलब्ध कवितांत ती अगदी आरंभीची रचना होय. म्हणजे जुन्याविरुद्ध रणशिंग फुंकणाऱ्या ह्या कवीने पहिला धडा गिरविला तो कालिदासाच्या पाटीवर. संस्कृत वृत्तांवर त्यांचा हात चांगला बसलेला होता. नंतर त्यांनी वर्ड्स्वर्थ, शेली, कीट्स आदी इंग्रज कवी वाचले, आणि मग त्यांच्या ध्यानात आले की गणांच्या मोजणीत बसविण्याजोगे जे होते त्याहून निराळे काही आपल्या मनात आहे. जुने येत नव्हते म्हणून त्यांनी ते टाकले असे नव्हे. ते उत्तम येत असूनही पुरेना, म्हणून ते पुढे गेले.

हे पुढे जाणे कोणत्या बाबतीत होते, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. मोरोपंती परंपरेत कवीने पुराणातली कथा घ्यावी, ती वृत्तात बसवावी आणि स्वतः बाजूला राहावे, अशी रीत होती. केशवसुतांनी आपल्या मनातली खळबळ हाच कवितेचा विषय केला. रात्री रस्त्याने जाताना एका खिडकीतून ऐकू येणारे सतारीचे सूर, दूरदेशी असताना अंगाला लागणारा नैर्ऋत्येचा वारा, सह्याद्रीच्या पायथ्याचे एखादे लहानसे खेडे, ह्या साध्या गोष्टींना त्यांनी काव्याच्या देवघरात जागा दिली. मुली फेर धरून खेळताना जो गलका करतात, त्यातल्या 'जा पोरी जा' ह्या शब्दांवरून त्यांनी 'झपूर्झा' हा शब्द सिद्ध केला आणि कवीची समाधी कशी असते ते त्या नावाच्या कवितेत सांगितले. रचनेच्या बाबतीत त्यांनी अक्षरगणवृत्तांबरोबर मात्रावृत्तांना महत्त्व दिले, कडव्यांची नवी घडण केली, आणि चौदा ओळींचा इंग्रजी 'सॉनेट' हा प्रकार मराठीत आणला. त्यांची 'मयूरासन आणि ताजमहाल' ही १८९२ सालची कविता मराठीतील पहिले सुनीत मानली जाते. आज कोणीही शाळकरी मुलगा वहीत चार ओळी स्वतःच्या मनाच्या लिहितो, तेव्हा तो न कळत ह्या गृहस्थाने पाडलेल्या वाटेने चाललेला असतो.

आता हे सर्व करीत असताना त्यांचा चरितार्थ कसा चालला होता? मॅट्रिकनंतर मुंबईस येऊन त्यांनी निरनिराळ्या शाळांतून शिकविण्याची कामे केली. पगार तुटपुंजा, नोकरी कायमची नाही आणि राहण्याची जागा अपुरी. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि हजारो माणसांप्रमाणे तेही शहर सोडून निघाले. त्यानंतर खानदेशात भडगाव, मग फैजपूर अशा गावी शिक्षकी करून १९०४ साली ते धारवाडच्या हायस्कुलात मराठीचे शिक्षक झाले. ज्याच्या कवितेने मराठी भाषेचा कायापालट केला त्याला मराठी शिकविण्याची अशी बरी जागा मिळाली ती धारवाडास, कानडी मुलखात. आणि तीही मृत्यूच्या अवघे दीड वर्ष आधी. 'तुतारी' आणि 'झपूर्झा' ह्या १८९३ सालच्या, 'नवा शिपाई' १८९८ ची, 'आम्ही कोण?' १९०१ ची, आणि 'हरपले श्रेय' अखेरच्या १९०५ सालची. ही सालवारी त्यांच्या नोकऱ्यांच्या सालवारीशेजारी मांडून पाहावी. दिवसभर फळ्याशी उभे राहून, संध्याकाळी शिकवण्या करून, रात्री दिव्याच्या उजेडात जो थोडा वेळ उरला असेल तेवढ्यात हे झालेले आहे. एकंदर कविता तरी किती? आज उपलब्ध आहेत त्या सुमारे १३५. एका मध्यम आकाराच्या पुस्तकात सहज मावतील एवढ्याच.

परंतु ते पुस्तक त्यांनी पाहिले नाही. नोव्हेंबर १९०५ मध्ये ते धारवाडहून जवळच हुबळीस आपल्या नातलगांकडे गेले होते. तेथे प्लेगने त्यांना गाठले आणि ७ नोव्हेंबर रोजी त्यांचा अंत झाला. वय अवघे एकोणचाळीस. पत्नी रुक्मिणीबाई ह्याही त्यांच्या पाठोपाठ अवघ्या काही दिवसांत गेल्या, आणि लहान मुली पोरक्या झाल्या. ज्या साथीपासून पळून मुंबई सोडली, तिनेच नऊ वर्षांनी परमुलखात घर पुसून टाकले. त्या घरी कवितांच्या वहीकडे कोणाचे लक्ष जावे? अशा प्रसंगी प्लेगच्या भीतीने घरातले कपडेलत्तेसुद्धा जाळीत असत. मराठी कवितेचे सबंध एक युग त्या आठवड्यात नाहीसे होऊ शकले असते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

ते झाले नाही ह्याची कारणे पाहू गेल्यास ती फार साधी आहेत. पहिले कारण म्हणजे संपादक. हरि नारायण आपटे ह्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे पत्र काढले. कुटुंबातील स्त्रीपुरुषांनी एकत्र बसून वाचावे असे ते पत्र, आणि त्यात केशवसुतांच्या कविता आल्या. घराघरांतल्या गृहिणींच्या हाती पडणाऱ्या पत्रात असली धगधगीत कविता छापण्यास धैर्य लागत असे. जळगावास नारायण नरसिंह फडणीस ह्यांनी 'काव्यरत्नावली' हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक चालविले होते. त्यातही त्या आल्या. पुढे कवी गेल्यावर विखुरलेल्या कविता एकत्र करून 'केशवसुतांची कविता' हे पुस्तक १९१७ साली हरिभाऊंनीच प्रसिद्ध केले. मृत्यूनंतर बारा वर्षांनी! मराठीतील अग्रगण्य कादंबरीकाराने स्वतःचे लेखन बाजूला ठेवून दिवंगत मित्राची पाने जुळविली, ही गोष्ट त्याच्या कादंबऱ्यांइतकीच मोलाची मानली पाहिजे.

हे केवळ आपल्याकडेच घडले असेही नाही. युरोपात रुमानिया म्हणून देश आहे. त्याचा राष्ट्रकवी मिहाई एमिनेस्कू हा १८५० साली जन्मला आणि १८८९ साली वारला, म्हणजे त्याचेही वय एकोणचाळीसच. तोही काही दिवस शाळांचा तपासनीस होता, आणि पुढे बुखारेस्टमध्ये वर्तमानपत्राच्या कचेरीत राबला. संस्कृतज्ञांना कौतुक वाटेल अशी गोष्ट म्हणजे त्याने बॉप ह्या जर्मन पंडिताच्या संस्कृत कोशाचे आपल्या भाषेत रूपांतर करण्याचा उद्योग मांडला होता, आणि सृष्टीच्या उत्पत्तीविषयी त्याने जे काव्य लिहिले त्यात ऋग्वेदातील नासदीय सूक्ताचे पडसाद अभ्यासकांना ऐकू येतात. १८८३ साली त्याचे मन बिघडले. त्याच वर्षाच्या शेवटी त्याच्या हयातीत निघालेले एकमेव पुस्तक बाहेर पडले. ते काढले तितू मायोरेस्कू ह्या त्याच्या स्नेह्याने, कवी स्वतः आजारी असताना. पुढे ह्याच स्नेह्याने कवीच्या चाळीसहून अधिक वह्या वीस वर्षे सांभाळून १९०२ साली रुमानियाच्या अकादमीच्या स्वाधीन केल्या. एक बुखारेस्टचा, एक मालगुंडचा. एकमेकांचे नावही त्यांनी ऐकले नसेल. परंतु दोघांची कविता तरली ती एकेका मित्राच्या हाताने.

दुसरे कारण म्हणजे भाऊ. दामल्यांच्या ह्या घरात तीन भाऊ तीन प्रकारांनी मराठीच्या कामी आले. थोरल्या कृष्णाजींनी कविता लिहिली. त्यांच्या पाठचे मोरो केशव दामले ह्यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा जाडजूड ग्रंथ लिहिला, ज्यावाचून आजही मराठी व्याकरणाच्या अभ्यासकाचे पान हलत नाही. आणि धाकटे सीताराम केशव दामले हे पत्रकार व कादंबरीकार झाले, मुंबईच्या 'राष्ट्रमत' ह्या पत्राचे त्यांनी संपादन केले. वडील बंधूंचे चरित्र लिहून ठेवले तेही ह्या सीतारामपंतांनीच. आज केशवसुतांच्या बालपणाविषयी, घरच्या स्थितीविषयी जे काही आपण सांगतो त्यातील पुष्कळ भाग ह्या धाकट्या भावाच्या आठवणीवर उभा आहे.

सीतारामपंतांचे नाव आले म्हणजे आम्हां मुळशीकरांना थोडे थांबावेसे वाटते. मुंबईला वीज पुरविण्याकरिता टाटा कंपनीने आमच्या खोऱ्यात नीला व मुळा ह्या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधावयास घेतले, आणि मावळ्यांची पिढीजात भातशेती पाण्याखाली जाण्याची वेळ आली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, त्याविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट ह्यांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती ह्याच लढ्यात. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या जोडीला होते. आणि सीतारामपंत दामलेही त्या सत्याग्रहात उतरले होते. लढा १९२४ पर्यंत चालला. धरण व्हावयाचे ते झाले, गावे बुडाली. पण कवीचा भाऊ परक्या गावच्या शेतकऱ्यांसाठी ह्या डोंगरांत आला होता ही गोष्ट राहिली. सह्याद्रीच्या पायथ्याच्या खेड्यावर थोरल्याने कविता लिहिली, आणि तशाच खेड्यांसाठी धाकट्याने पायपीट केली. घराण्याचा वारसा म्हणतात तो असा निरनिराळ्या रूपांनी चालतो.

तिसरे कारण म्हणजे मागून आलेले कवी. नारायण वामन टिळकांनी नागपुरास ज्या मुलाला ओळखले होते त्याचे स्मरण त्यांनी टाकले नाही; आणि त्यांच्याच प्रेमळ आश्रयाला पुढे बालकवी ठोंबरे राहिले. राम गणेश गडकरी, म्हणजे गोविंदाग्रज, हे तर स्वतःला केशवसुतांचे शिष्य म्हणवीत. प्रह्लाद केशव अत्रे ह्यांनी 'झेंडूची फुले' मध्ये 'आम्ही कोण?' चे विडंबन केले, तेसुद्धा एका परीने जतनच होय. कारण ज्याचे विडंबन लोकांना हसवते ते मूळ लोकांच्या तोंडी असावे लागते. पुढे जन्मशताब्दीच्या निमित्ताने त्यांच्या कवितांचे हस्तलिखितही छापून निघाले, आणि १९९४ साली मालगुंड येथे उभारलेल्या स्मारकाचे उद्घाटन कुसुमाग्रजांच्या हस्ते झाले. ज्याला हयातीत स्वतःचे पुस्तक मिळाले नाही त्याच्या जन्मगावी आज मुले सहलीने येतात.

येथपर्यंतची कथा ऐकून मन भरून येते, आणि आपण सुखाने पान उलटावे असे होते. परंतु एक प्रश्न उरतो, आणि तो आपणांसारख्या घरांना विचारलाच पाहिजे. आपण जतन केले ते नेमके काय? 'तुतारी' पाठ्यपुस्तकात आली, स्नेहसंमेलनात म्हटली गेली, शाळेच्या भिंतीवर रंगविली गेली. तीस-पस्तीस वर्षे मुलांकडून ती पाठ करून घेतलेला मनुष्य मी आहे, म्हणून हे बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे. परंतु ह्याच कवीने १८८८ साली 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' नावाची कविता लिहिली. आपल्याला दूर का हाकलतात, असे एक लहान पोर आपल्या आईला विचारते, आणि आईपाशी उत्तर नाही, एवढाच तिचा विषय. पुढच्याच वर्षी त्याने 'मजुरावर उपासमारीची पाळी' लिहिली. 'नवा शिपाई' मध्ये तर त्याने जातीची आणि पंथाची सर्व कुंपणे ओलांडून साऱ्या जगाशी सोयरिक जोडली. सोवळ्याओवळ्याचा कडक पहारा असलेल्या घरात वाढलेल्या, बावीस वर्षांच्या ब्राह्मण मुलाने ही कविता लिहिली तेव्हा तिचे स्वागत कोण करणार होते?

ह्या कविता आपल्या घरांतून किती वाचल्या गेल्या, ह्याचे उत्तर ज्याने त्याने आपल्यापाशी द्यावे. त्या पोराचा प्रश्न त्याच्या आईला होता असे वरवर दिसते. खरे पाहता तो ज्यांच्या दारावरून त्याला हाकलले त्यांना होता, आणि ती दारे आपल्या पूर्वजांची होती. गोड तेवढे राखायचे आणि कडू तेवढे विसरायचे, ह्याला जतन म्हणत नाहीत. औषधाच्या कपाटातून कडू बाटल्या फेकून दिल्या तर उरलेल्या काकवीने ताप उतरत नाही. हरिभाऊंनी आणि सीतारामपंतांनी हा सबंध कवी आपल्या हवाली केला. त्याच्यातला अर्धा माळ्यावर ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आणखी एक गोष्ट सांगून लेख पुरा करतो. एकत्र कुटुंबात कविता करणारा मुलगा ही एक चिंतेची बाब समजली जाते. त्याच्या परीक्षेची, नोकरीची, संसाराची काळजी वडिलांना वाटणे स्वाभाविक आहे, आणि ती निराधार असते असेही नाही. केशवसुतांच्या संसाराची ओढाताण ह्या काळजीच्या बाजूनेच साक्ष देते. परंतु ती काळजी करीत असतानाही त्याची वही जपण्यास काही खर्च येत नाही. प्रत्येक वही केशवसुतांची निघणार नाही, हजारांत एकही निघणार नाही. मात्र आजीने लिहिलेल्या ओव्या, काकांची रोजनिशी, आत्याने सासरहून पाठविलेली पत्रे, आजोबांनी उतरून घेतलेली स्तोत्रे, ह्यांतून त्या घराची भाषा आणि त्या काळचे मन कळते, आणि घर विकताना हीच पाने सर्वांआधी रद्दीवाल्याच्या तराजूत पडतात.

म्हणून येत्या दिवाळीला घराची झाडलोट निघेल तेव्हा माळ्यावरची जुनी ट्रंक खाली उतरवून एक दिवस तिच्यासाठी राखून ठेवावा. घरातल्या जाणत्या माणसाने मुलांना घेऊन बसावे. कोणते अक्षर कोणाचे ते सांगावे. नाव, गाव आणि साल एका चिठ्ठीवर लिहून त्या त्या वहीत ठेवावे. कडुनिंबाचा पाला घालून स्वच्छ फडक्यात बांधावे. मोडी वाचणारे कोणी घरात हयात असेल तर ते वाचून घेण्यास विलंब करू नये. आणि त्या दिवशी संध्याकाळी मुलांकडून केशवसुतांच्या दोन कविता मोठ्याने वाचवून घ्याव्यात: एक 'तुतारी', आणि दुसरी त्या अंत्यजाच्या मुलाची.